पंडिता रमाबाई : देवाची हाक ऐकताना



पंडिता रमाबाईंची माहिती आपण मुलांना एका ठरलेल्या साच्यात देतो. जन्म २३ एप्रिल १८५८, संस्कृतच्या पंडिता, कलकत्त्यात मिळालेली सरस्वती ही पदवी, शारदा सदन, मुक्ती मिशन, मृत्यू ५ एप्रिल १९२२. फळ्यावर पाच ओळी, वहीत पाच ओळी. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला हे वाक्य आपण जरा घाईने वाचतो आणि पुढे सरकतो. वर्गात सगळ्या घरांतली मुलं असतात, कुणी काही विचारलं तर काय सांगायचं, ही भीती असते. मीही बरीच वर्षं तसंच केलं.

मागे आठवीच्या वर्गात एका मुलीने मात्र मला तिथेच अडवलं. मी बोलण्याच्या ओघात म्हणून गेले होते की रमाबाई देवाची हाक ऐकून दुष्काळी भागात गेल्या. तिने विचारलं, हाक म्हणजे कानाला खरंच आवाज आला का? आणि त्यांना आला तर आपल्याला का येत नाही? वर्ग हसला. मी तास संपत आल्याचं निमित्त करून सुटले. प्रश्न मात्र सुटला नाही. तो डोक्यात घेऊनच मी रमाबाईंचं चरित्र पुन्हा वाचलं, आणि एक गोष्ट मला आधी कधी नीट दिसलीच नव्हती ती दिसली. रमाबाईंना कानांनी कमी ऐकू यायचं. इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांना डॉक्टर व्हायचं होतं, पण वाढत्या बहिरेपणामुळे ते शिक्षण घेणं शक्य नाही असं ठरलं. आता बघा, ज्या बाईला माणसांचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं, तिच्या आयुष्याबद्दल आपण म्हणतो की तिने देवाचं ऐकलं. मग हे ऐकणं कोणतं?

आपल्या मराठीत या शब्दाची एक गंमत आहे. पोरगं ऐकत नाही असं आपण म्हणतो तेव्हा त्याचे कान तपासायला नेत नाही. ऐकणं म्हणजे सांगितलेलं करणं, हा अर्थ आपण शब्दातच घालून ठेवलाय. रमाबाईंच्या बाबतीत हाच अर्थ लावून पाहा. मग त्यांचं आयुष्य वेगळं दिसायला लागतं.

सुरुवात जंगलातून करावी लागते. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान, निष्ठावंत वैष्णव. बायकांना संस्कृत शिकवायचं नाही असा तो काळ. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना शिकवलं. त्यावरून पंडितांच्या सभेत त्यांना जाब द्यावा लागला, शास्त्राधार दाखवावे लागले. पुढे सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात त्यांनी आश्रम मांडला, तिथे रमाबाईंचा जन्म झाला. मूल काही महिन्यांचं असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते कायमचंच. देवळात, घाटावर पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर राहायचं. रमाला आईने चालता चालता शिकवलं. शाळा नाही, पाटी नाही, वेळापत्रक नाही. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत भागवताचे हजारो श्लोक पाठ. (आपण मात्र मुलाला पाठांतर द्यायचं का नाही यावर अजून वाद घालतो. असो.)

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. सन १८७४ च्या सुमाराची ही गोष्ट. जवळचं सगळं संपलं होतं, दागिने गेले, भांडी गेली. भीक मागायची सवय नाही आणि श्रमाचं काम कधी केलेलं नाही. शेवटी हे कुटुंब एका रानात शिरलं, पाणी आणि पाला खाऊन दिवस काढले. वडिलांची दृष्टी गेलेली. त्यांनी ठरवलं की आता जलसमाधी घ्यायची. एकेकाचा निरोप घेताना धाकट्या रमेला जवळ ओढून त्यांनी सांगितलं की मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, तू आता त्याचीच आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. जलसमाधी त्या दिवशी झाली नाही. मुलगा श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करीन, काहीही करीन. पण उपासमारीने वडील गेलेच, नंतर आई गेली, मोठी बहीणही गेली. आईचं प्रेत उचलायला रायचूरला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा श्रीनिवास, आणि चौथ्या खांद्याच्या जागी रमा. ती उंचीने एवढी लहान होती की तिरडी खांद्यावर न घेता डोक्यावर घेऊन तिला चालावं लागलं.

हा प्रसंग मी मुद्दाम सविस्तर सांगितला, कारण रमाबाईंच्या पुढच्या ख्रिस्ती आयुष्याची मुळं शोधताना आपण सरळ इंग्लंडला जाऊन पोचतो. देवाच्या हाती सोपवलं जाणं ही गोष्ट त्यांना प्रथम सांगितली ती एका आंधळ्या, उपाशी, हिंदू बापाने. ती त्या कधी विसरल्या नाहीत. आणि भुकेने माणूस कसा मरतो हेही विसरल्या नाहीत. या दोन आठवणी वीस वर्षांनी एकत्र येतात, त्याकडे आपण येऊच.

भावंडं पायी भटकत भटकत उत्तरेकडे गेली, काश्मीरपर्यंत आणि मग पूर्वेला. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली तेव्हा तिथल्या पंडितांनी रमेची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता, सरस्वती म्हटलं. वय वीस. केशवचंद्र सेनांनी वेद वाचायला दिले. ज्या मुलीचा देवांवरचा विश्वास रानातच विरून गेला होता, नवस, व्रतं, दानं सगळं करूनही आईवडील उपाशी मेलेले पाहिले होते, तिला आता विद्वानांच्या सभेत मान मिळत होता. १८८० मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. १८८१ मध्ये मनोरमा झाली. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. रमाबाई तेविसाव्या वर्षी विधवा, कडेवर दहा महिन्यांची मुलगी.

सिल्चरला असताना घरातच त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. ती वाचून त्यांना ओढ वाटली. नवऱ्याला ते रुचलं नव्हतं. पुण्याला आल्यावर त्यांनी आर्य महिला समाज काढला, स्त्रियांसाठी पुस्तक लिहिलं, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री डॉक्टरांची आणि शिक्षिकांची गरज मांडली. त्याच वेळी इंग्रजी शिकायला लागल्या. आणि १८८३ मध्ये, लेकीला घेऊन, इंग्लंडमधल्या वाँटेज या गावी, अँग्लिकन भगिनींच्या मठात राहायला गेल्या.

तिथे त्यांना एका गोष्टीने हलवलं. त्या भगिनी लंडनजवळ फुलहॅमला, समाजाने टाकून दिलेल्या बायकांसाठी आश्रम चालवत. रमाबाईंनी अशा बायकांना कुणी माणसासारखं वागवताना आयुष्यात पाहिलं नव्हतं. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची, म्हणजे विहिरीवर येशूशी बोलणाऱ्या त्या बाईची गोष्ट वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी आणि मनोरमाने बाप्तिस्मा घेतला. पुण्यात खळबळ माजली. ज्या समाजसुधारकांनी कौतुक केलं होतं त्यांतले बरेच दुखावले.

इथे आपल्याला वाटतं, झालं, शरण गेल्या, आता ऐकायला लागल्या. पण तसं नाही, आणि मला वाटतं शिक्षक म्हणून आपल्याला सर्वांत उपयोगी भाग हाच आहे.

बाप्तिस्मा घेतल्यावर रमाबाई त्यांच्या गुरुजनांशी भांडत होत्या. शब्द जरा कडक वाटेल, पण पत्रव्यवहार वाचला तर तोच योग्य आहे. भगिनींनी गळ्यात घालायला क्रूस दिला, त्यावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंनी विचारलं की मला न कळणारी आणि माझ्या देशातल्या बायकांना न कळणारी भाषा मी गळ्यात का घालू, त्यापेक्षा संस्कृत काय वाईट? त्रैक्याच्या सिद्धान्ताबद्दल, चर्चच्या मतांगीकारांबद्दल त्यांना शंका होत्या आणि त्या त्यांनी लपवल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायची वेळ आली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, की अशाने पुढे हिच्या कामाला बट्टा लागेल. रमाबाई संतापल्या. देवाने दिलेली बुद्धी बिशपांच्या परवानगीने वापरायची, हे त्यांना मान्य होणं शक्य नव्हतं. त्यांना सांभाळणाऱ्या भगिनीला हा अहंकार वाटला. आज्ञाधारकपणा नाही, नम्रता नाही, असं तिने पुन्हा पुन्हा बजावलं.

आपल्या शाळेतली भाषा हीच आहे, नाही का? ऐकणारं मूल म्हणजे गुणी मूल. रमाबाई त्या भगिनीच्या वर्गातल्या न ऐकणाऱ्या विद्यार्थिनी होत्या. पण त्या माणसांचं ऐकत नव्हत्या म्हणून देवाचंही ऐकत नव्हत्या, असं म्हणता येत नाही. आणि उलटही खरं नाही. माणसांना नकार दिला म्हणजे आपोआप देवाचं ऐकू येतं, असंही नाही. हे रमाबाईंनीच पुढे कबूल केलं.

तो कबुलीजबाब १९०७ मध्ये लिहिलेल्या त्यांच्या साक्षीत आहे. बाप्तिस्म्यानंतरच्या आठेक वर्षांकडे वळून पाहताना त्या सांगतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. मधल्या काळात काय काय झालं होतं पाहा. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, आपल्या नात्यातल्या आनंदीबाई जोशींचा डॉक्टरकीचा पदवीदान समारंभ पाहायला. तिथेच राहून उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं केली. बोस्टनला त्यांच्या नावाने संस्था स्थापन झाली, तिने दहा वर्षं खर्च उचलायचं वचन दिलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या, पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या. म्हणजे बाहेरून सगळं यशस्वी. भाषण, पुस्तक, संस्था, निधी. आणि आत ही बाई म्हणते की मला हवं ते मिळालेलं नाही.

हे त्यांना कसं कळलं? एक पुस्तक हाताला लागलं. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मगुरूचं आत्मवृत्त. हा गृहस्थ वर्षानुवर्षं चर्चमध्ये प्रवचनं देत होता आणि एके दिवशी प्रवचन देता देताच त्याला उमगलं की आपण जे सांगतोय ते आपल्याच पदरात नाही. रमाबाईंना हे फार लागलं. त्यांच्या लक्षात आलं की आपण पंथ पारखले, सिद्धान्त पारखले, वाद जिंकले, पण स्वतःला कुणाच्या हाती दिलं नाही. रानात बापाने दिलं होतं. स्वतः होऊन द्यायचं राहिलं होतं. १८९१ च्या सुमाराला ते त्यांनी केलं. मोठा प्रकाश पडला, आकाशवाणी झाली, असं काही त्या सांगत नाहीत. त्या सांगतात की ओझं उतरलं. मी स्वतःला सुधारून मग देवाकडे जाईन हा हट्ट सोडला, जशी आहे तशी गेले, एवढंच.

माझ्या विद्यार्थिनीला द्यायचं उत्तर मला इथे मिळायला लागलं. ऐकू येणं हे समर्पणाच्या आधी येत नाही, नंतर येतं. आधी आवाज ऐकून मग ठरवू, असं रमाबाईंच्या आयुष्यात घडलेलं दिसत नाही. आधी त्यांनी मी करीन असं म्हटलं, मग काय करायचं ते एकेक कळत गेलं.

आणि कळलेलं दर वेळी महाग पडलं. शारदा सदन १८९० मध्ये पुण्याला आलं होतं. तिथे धर्माची सक्ती नाही, प्रसार नाही, असं वचन होतं आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात होती. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत लेकीबरोबर प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसायला लागल्या. बाहेर बोभाटा झाला, वर्तमानपत्रांनी झोड उठवली. मंडळाचं म्हणणं, दार लावून घ्या. रमाबाई म्हणाल्या, दार उघडंच राहील, माझ्या घरात मी देवाचं नाव चोरून घेणार नाही. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेलं.

इथे मला दोन्ही बाजू दिसतात, आणि वर्गात सांगताना मी दोन्ही सांगते. ज्या पालकांनी विश्वासाने मुलगी ठेवली त्यांची धास्ती खोटी नव्हती. चौदा वर्षांची मुलगी आपल्या प्रेमळ बाईंच्या मागे आपोआप जाते, हे आपण शिक्षक चांगलं जाणतो. उघडं दार हेही एक प्रकारचं आमंत्रणच असतं. रमाबाईंना ते कळत नसेल असं मला वाटत नाही. पण दार लावणं म्हणजे आपण ज्याला शरण गेलो त्याची लाज वाटणं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यांनी किंमत मोजली. अर्धं सदन रिकामं झालं.

आता ती दोन आठवणींची गोष्ट. १८९६ साली लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचा प्रार्थना मेळावा भरला. रमाबाई आपल्याकडच्या पंधरा ख्रिस्ती मुलींना घेऊन गेल्या होत्या. पहाटे उठून एकटीने प्रार्थनेला बसल्या. मनात आलं की या पंधरांच्या पंधरापट मुली मागाव्यात. म्हणजे पंधराचा वर्ग, दोनशे पंचवीस. (गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण जरूर वापरावं.) त्यांना स्वतःलाच हे अशक्य वाटलं. एवढ्या मुली आणणार कुठून, ठेवणार कुठे, खायला काय घालणार? पवित्र शास्त्र उघडलं तर यिर्मयाच्या पुस्तकातलं, देवाला अवघड असं काय आहे, या अर्थाचं वचन समोर आलं. त्यांनी तो आकडा लिहून ठेवला आणि घरी आल्या.

त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या यायला लागल्या. रमाबाईंना झोप येईना. आपलं रान आठवलं, आपले वडील आठवले. तिकडे मुली उपाशी होत्या आणि त्या मुलींना उचलून न्यायला दलाल आणि कुंटणी टपलेल्या होत्या. पण इकडे हातात काय होतं? अमेरिकेचा पैसा शारदा सदनातल्या पन्नासेक मुलींपुरता. तो दुष्काळासाठी वापरायची मुभा नव्हती. त्यांनी मनाला बरंच समजावलं की हे आपलं काम नाही, सरकार आहे, मोठे लोक आहेत. मग ठरवलं की जायचं. तीनशे मुली आणायच्या असं मनात आलं आणि तो आकडाही त्यांनी देवानेच घातला असं मानलं. पुढच्या मेळाव्यापर्यंत त्यांच्याकडच्या मुली दोनशेच्या पुढे गेल्या होत्या.

आता विचार करा, इथे देवाचा आवाज नेमका कुठे होता? प्रार्थनेत सुचलेल्या आकड्यात? शास्त्रातल्या वचनात? वर्तमानपत्रातल्या बातमीत? की वीस वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या भुकेत? रमाबाई हे वेगळं काढत नाहीत. माझ्या वाचनाप्रमाणे त्यांच्यासाठी ते सगळं मिळून एकच बोलणं होतं. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. देव मला सांगतो असं म्हणणारी माणसं पुष्कळ असतात आणि त्यांतली बरीच घातकी असतात, हे आपण पाहतोच. पालक म्हणून मुलांना सावध करायचं असेल तर ही फूटपट्टी हाताशी ठेवा : सांगितलेल्या गोष्टीने कुणाचं पोट भरलं आणि कुणाचं रिकामं झालं? रमाबाईंना ऐकू आलेल्या हाकेत त्यांचा स्वतःचा फायदा सापडत नाही. प्रत्येक हाकेनंतर त्यांच्या डोक्यावरचं ओझं वाढलेलं दिसतं.

आणलेल्या मुली म्हणजे काय होतं, तेही सांगितलं पाहिजे. हाडं वर आलेली, अंगावर फोड, उवा, कित्येकींच्या मनावर झालेल्या जखमा तर बोलायच्या पलीकडच्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ, एवढ्या मुलींना शहरात ठेवायला बंदी. पुणे-सोलापूर रेल्वेलाईनवर केडगावला रमाबाईंनी फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती. तिथे माळावर तंबू आणि गवती झोपड्या घालून मुली राहिल्या. हीच मुक्ती मिशनची सुरुवात. १८९७ मध्येच पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात बायकांची कशी आबाळ आणि विटंबना होते, याबद्दल त्यांनी बॉम्बे गार्डियन या पत्रात जाहीरपणे लिहिलं. गव्हर्नरसाहेबांना ते झोंबलं. सरकार ख्रिस्ती लोकांचं, आपणही ख्रिस्ती, म्हणून गप्प बसावं, असं त्यांना वाटलं नाही. बिशपांशी भांडणारी बाई तीच होती, फक्त आता भांडण दुसऱ्यांसाठी होतं.

१८९८ मध्ये अमेरिकेच्या संस्थेने दिलेलं दहा वर्षांचं वचन संपलं. पुढे मदत चालू राहिली, पण केडगावच्या शेकडो तोंडांसाठी नेमलेला असा पैसा कुठूनच नव्हता. ब्रिस्टलमध्ये जॉर्ज म्यूलर यांनी कुणाकडे हात न पसरता, फक्त प्रार्थनेच्या भरवशावर हजारो अनाथ मुलं सांभाळली, त्यांचं चरित्र रमाबाईंनी वाचलेलं होतं. इंग्लंडात देव हे करतो तर हिंदुस्थानात का नाही करणार, असा त्यांचा साधा हिशेब. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी मुली आल्या, आकडा दोन हजारांच्या घरात गेला. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना सुरू झाला. अंध मुलींना ब्रेल शिकवली. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. फुलहॅमला पाहिलेलं ते सतरा वर्षं मनात राहून इथे उगवलं. देवावर भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी केडगावचं एका दिवसाचं काम डोळ्यांसमोर आणावं. पहाटे चारला दिवस सुरू करणारी ही बाई दोन हजार माणसांच्या दळणाचा हिशेब ठेवत होती.

१९०५ च्या जूनमध्ये मुक्तीमध्ये मोठी धार्मिक जागृती झाली. शेकडो मुली एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या. जगभर त्याचा बोलबाला झाला, टीकाही झाली. गोंगाट फार होतो, असं म्हणणाऱ्यांत ख्रिस्ती मंडळीही होती. यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. मी त्यात शिरत नाही, कारण मला त्या गोंगाटापेक्षा त्याच सुमाराला सुरू झालेलं एक अतिशय शांत काम जास्त बोलकं वाटतं.

ते काम म्हणजे बायबलचं मराठी भाषांतर. आधीची भाषांतरं होती, पण त्यातली भाषा संस्कृतप्रचुर. दुष्काळातून आलेल्या, नुकतंच वाचायला शिकलेल्या खेड्यातल्या बाईला ती कळत नसे. आणि ही अडचण कुणी पकडली, तर भागवत तोंडपाठ असलेल्या पंडितेने! तिला जड शब्द काय अवघड होते? पण तेच शब्द तिने बाजूला ठेवले. पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळातून, एकटीने, साध्या मराठीत भाषांतराला बसल्या. आपल्याकडे पन्नाशीनंतर साधा संगणकाचा कोर्स करायचा म्हटला तरी आपण कुरकुरतो, मी पहिली.

जवळजवळ अठरा वर्षं हे काम चाललं. कान आता बहुतेक गेलेले. बोलायला येणाऱ्यांना मोठ्याने बोलावं लागे. ज्ञानाच्या बळावर ज्यांनी सभा जिंकल्या त्या रमाबाई आता ओळ ओळ तपासत विचारत असणार की हे माझ्या मुलीला कळेल का. मला वाटतं, वाँटेजला लॅटिन क्रूस नाकारणाऱ्या तरुणीचं म्हणणं शेवटी असं पुरं झालं. देव बोलतो यावर तिचा विश्वास होता. मग त्याचं बोलणं केडगावच्या चुलीपाशी बसलेल्या बाईला तिच्या बोलीत ऐकू आलं पाहिजे, एवढाच तिचा आग्रह होता.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. आईबरोबर बाप्तिस्मा घेतलेली, इंग्लंड-अमेरिका पाहिलेली, शिकून परत येऊन मुक्तीचं निम्मं काम सांभाळणारी, पुढे सगळं जिच्या हाती सोपवायचं ती चाळीस वर्षांची लेक. बाप, आई, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता मुलगी. देवाच्या हाती सोपवणं या शब्दांचा अर्थ रमाबाईंना प्रत्येक वेळी नव्याने शिकावा लागला असेल. त्यांनी तेव्हा काय ऐकलं आणि काय ऐकू आलं नाही, याबद्दल मी काही लिहू धजत नाही. एवढंच माहीत आहे की त्या पुन्हा भाषांतराच्या कागदांपाशी बसल्या.

त्या मुलीला मी पुढच्या आठवड्यात हे सगळं माझ्या परीने सांगितलं. पंधराचा वर्ग, उघडं दार, तिरडी. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की मग रमाबाईंना कधी चुकीचंही ऐकू आलं असेल का. मी म्हटलं, आलं असेल. ती बहुधा याच उत्तराची वाट पाहत होती, कारण तिने मान हलवली आणि वही उघडली.

भाषांतराची शेवटची मुद्रितं १९२२ च्या एप्रिलच्या सुरुवातीला तपासून झाली. ५ एप्रिलला रमाबाई झोपेतच गेल्या. मजकूर मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकामुलींच्या हातून जुळत होता. पूर्ण बायबल छापून बाहेर पडलं ते १९२४ मध्ये.